दुखणं परत येईपर्यंत

तुळिंजला मी ज्यांच्या घरात भाड्याने राहिलो, त्या डॉक्टरांच्या दवाखान्यात लोक दुखणं परत यायची वाट बघत बसलेले असत. हे मी आजवर अनेकांना सांगितलं आणि बहुतेकांना दोनदा सांगावं लागलं. दुखणं जायची नव्हे, परत यायची. तळमजल्यावरच्या लांबट खोलीत भिंतीला टेकून दोन बाकं होती. सकाळी खांद्यात सुई घेतलेली माणसं दुपारपर्यंत तिथे बसून राहत. कुणी पेपर वाचे, कुणी वेळ जावा म्हणून मटार सोलायला घेऊन येई. मधूनच डॉक्टर आतल्या खोलीतून डोकं बाहेर काढत आणि विचारत, "आलं का कुणाचं?" एखादी बाई हात वर करून बघे आणि म्हणे, "यायला लागलंय थोडं." त्यावर डॉक्टरांचा चेहरा असा काही उजळे, की नव्या माणसाला वाटावं, हा गृहस्थ दुष्ट तरी आहे किंवा वेडा तरी.

दुष्ट ते नव्हते. वेडे होते का, हे मला तिथे राहिलो त्या सगळ्या वर्षांत ठरवता आलं नाही. गेल्या हिवाळ्यात त्यांच्या मुलीचा फोन आला आणि ते गेल्याचं कळलं. तेव्हापासून मी त्यांच्याविषयी लिहायला बसतो, थोडं लिहितो आणि उठतो. लिहायला लागलं की ते प्रश्न विचारू लागतात.

ते मूळचे साताऱ्याकडचे. मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात त्यांनी आयुष्याचा बराच काळ भूल देण्याचं काम केलं आणि पन्नाशी उलटल्यावर, पेन्शनची वाट न बघता, सोडून दिलं. का सोडलं, असं मी एकदा विचारलं होतं. त्यांनी गंभीरपणे सांगितलं की त्यांची ज्या ज्या माणसाशी ओळख झाली तो लगेच झोपी गेला. "शुद्धीवर आल्यावर पेढे सर्जनला," ते म्हणाले, "आणि उलट्या होतात ही तक्रार मला." म्हणून त्यांनी ठरवलं, उरलेलं आयुष्य जाग्या माणसांबरोबर घालवायचं. पूर्ण भूल बंद. फक्त जिथली नस दाबली गेली असेल तिथेच औषध सोडायचं, तेही बव्हंशी खांद्याच्या आसपास, आणि पुढे काय होतं ते त्या माणसाशी बोलत बघायचं.

खांदाच का, याचं त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. मानेतून निघालेल्या नसा हातात जाईपर्यंत इतक्या अरुंद जागांतून जातात, की त्या पोचतात हेच नवल. नालासोपाऱ्याच्या रेल्वे फाटकात अडकलेली माणसं रोज बघणाऱ्या पेशंटना ते म्हणत, "तुमची नस फाटकात उभी आहे. घरी वाट बघणाऱ्यांना वाटतं गाडीच बिघडली. गाडी ठीक आहे. फाटक कुठलं ते शोधायचंय." वासरासारख्या डोळ्यांची एक कोळीण, डोक्यावरची पाटी उतरवताना जिचा हात लुळा पडे, ती हे ऐकून म्हणाली होती, "मंग डॉक्टर, फाटक उघडा नं. माजं म्हावरं खराब होतंय."

मी मूळचा वसईकडच्या नंदाखालचा. घर भरलेलं, पाहुणे सारखे, आणि मला वाचायला एक दार लावता येणारी खोली हवी होती. कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी लागल्यावर मी तुळिंजला ही वरची खोली बघायला आलो. डॉक्टरांनी मला किती पगार, लग्न झालंय का, मांसमच्छी खाता का, यातलं काही विचारलं नाही. मला खुर्चीवर बसवलं, हातात एक जाड पुस्तक दिलं आणि वाचायला सांगितलं. मी वाचत राहिलो. ते माझ्याभोवती फिरून आले आणि म्हणाले, "पुस्तक मांडीवर ठेवून मान मोडून वाचता. खोलीत उंच टेबल आहे. ते वापरणार असाल तर खोली तुमची." मी ते टेबल वापरू लागलो. मान वाचली की नाही माहीत नाही, पण उभ्याने वाचायची सवय लागली ती आजही आहे.

त्यांच्याजवळ माणसाच्या खांद्याचं एक पातं होतं, शिकताना घेतलेलं, खरं हाड. हाताळून हाताळून ते जुन्या पोळपाटासारखं गुळगुळीत झालं होतं. त्याच्या वरच्या कडेला एक लहान खाच आहे. प्रत्येक पेशंटला ते त्या खाचेवरून बोट फिरवायला लावत. "इथून नस जाते. वरून एक पट्टी आहे, दोरीसारखी. म्हणजे दार केवढं? बघा, करंगळीचं टोकही जात नाही." हे हाड ते कापडी पिशवीत घेऊन हिंडत आणि त्याच पिशवीतून भाजी आणत. तुळिंजच्या बाजारात एकदा भाजीवालीने मेथीची जुडी टाकायला पिशवी उघडली आणि हात मागे घेतला. डॉक्टरांनी तिथेच, कोथिंबिरीच्या ढिगाजवळ, तिला ती खाच दाखवली. पुढे ती आपल्या नणंदेला घेऊन दवाखान्यात आली.

सुई द्यायच्या आधी ते पेशंटच्या खांद्यावर बॉलपेनने नस काढत. निळी शाई, मानेपासून निघालेली एक रेघ, मग हाडाच्या कडेवर एक फुली. चित्र मनासारखं जमलं नाही तर ते पुसून पुन्हा काढत, आणि पेशंट उघड्या पाठीने बसून राही. बाकावरच्या बायका एकमेकींची चित्रं बघून कुणाची फुली किती वर आहे याची चर्चा करत.

आणि त्यांचा एक नियम असा, की यायचं ते आपलं काम घेऊन. शिंप्याने कात्री आणायची. मास्तरांसाठी भिंतीवर फळा होताच. रंगाऱ्याला ते ब्रश घेऊन छताकडे हात करायला लावत, आणि म्हणून छताच्या एका कोपऱ्यात निरनिराळ्या रंगांचे फटकारे होते. नुसतं हात वर करा, खाली करा, हे त्यांना पटत नसे. माणूस हात वर करायला जन्मलेला नाही, तो काहीतरी करायला हात वर करतो, असं त्यांचं म्हणणं. कुठे दुखतं हे त्यांना महत्त्वाचं वाटतच नसे. काय करताना दुखतं, हे ते विचारत आणि मग सुईनंतर तेच करायला लावत. दुखलं नाही, तर फाटक सापडलं. दुखत राहिलं, तर दुसरीकडे शोधायचं. "ही सुई म्हणजे उपचार नाही," ते प्रत्येकाला सांगत, "मी तुमच्या खांद्याला प्रश्न विचारतोय." लोक मान डोलवत. माझा अंदाज आहे, त्यातल्या फार थोड्यांना ते पटत असावं. दुखणारी माणसं डॉक्टरकडे प्रश्न विचारून घ्यायला जात नाहीत.

माझ्या दादाने पहिली सुई घेतली त्या दिवशी हे माझ्याही लक्षात आलं नव्हतं.

दादा माझ्याहून बराच मोठा. वडील लवकर गेल्यावर वाडी त्यानेच सांभाळली, केळी आणि जाई. तरुणपणी त्याने कावडीने माल वाहिला, डाव्या खांद्यावर बांबू आणि दोन्ही टोकांना टोपल्या. पण गावात त्याला ओळखत ते व्हायोलिनसाठी. लहानपणी चर्चच्या जुन्या वादकाकडे शिकला आणि तेव्हापासून रविवारची मिस्सा त्याच्या वाजवण्याशिवाय झाली नसेल. घरात तो कमी बोले. माझी समजूत आहे, की आठवडाभराचं बोलणं तो रविवारी वाजवून टाकत असे.

त्याचा डावा खांदा दुखायला लागला आणि दोनेक वर्षांत हात कमजोर झाला. व्हायोलिन धरताना डावं कोपर आत वळवून खाली न्यावं लागतं, तेच त्याला जमेना. खांद्याच्या हाडावरचं मांस झिजून तिथे मूठभर मीठ मावेल एवढा खळगा पडला. मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांनी मानेचा फोटो काढला, मणके झिजलेत म्हणाले आणि मानेचं ऑपरेशन सुचवलं. त्यात हाताला काही होऊ शकतं, हेही सांगितलं. दादाने मला एवढंच विचारलं, की मानेत कापलं तर बोटं राहतात का. मी त्याला माझ्या घरमालकांकडे आणलं.

डॉक्टरांनी मानेचा फोटो उजेडात धरून बघितला. "खोटं काही नाही यात," ते म्हणाले. "या वयात सगळ्यांची मान अशीच दिसते. माझीही. दुखतं कधी?"

दादा संकोचला. "मिस्सेत."

"म्हणजे प्रार्थना केली की दुखतं?"

"प्रार्थनेला नाय, डॉक्टर. व्हायोलिनला."

डॉक्टरांनी त्याला पुढच्या शनिवारी व्हायोलिन घेऊन बोलावलं.

त्या शनिवारी त्यांनी खांद्यावर नस काढली, फुली मारली, सुई हळूहळू आत नेली आणि औषध सोडलं. दादाला वाटलं होतं कातडी बधिर होईल, चिमटा काढला तर कळणार नाही. तसं काहीच झालं नाही. तो निराश होऊन शर्ट घालू लागला आणि घालता घालता थांबला, कारण डावा हात बाहीत सहज गेला होता. "वाजवा," डॉक्टर म्हणाले. दादाने तारा लावल्या. मग तो मिस्सेचं प्रवेशगीत वाजवू लागला, आधी बिचकत, मग पूर्ण. बाकावरची माणसं उठून दारात आली. एक शिंपी डोळे मिटून उभा होता. डॉक्टरांचं संगीताकडे लक्ष नव्हतं. ते जमिनीवर आडवे झाले होते आणि दादाचं कोपर कुठवर वळतं ते खालून बघत होते. गाणं संपलं तेव्हा ते उठले, पँट झटकली आणि म्हणाले, "सापडलं."

हा शब्द दादा घेऊन घरी गेला.

संध्याकाळी चर्चमध्ये मिस्सा होती. आमच्याकडे एखादं दुखणं टळलं, परीक्षा पार पडली, की त्यासाठी उपकारस्तुती मागायची पद्धत आहे. फादर घोषणांच्या वेळी कुटुंबाचं नाव वाचतात आणि सगळं गाव आपल्याबरोबर देवाचे आभार मानतं. दादाने कधी स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं. त्या संध्याकाळी त्याने मागितली. फादरांनी वाचली. त्याने वाजवलंही, आणि बायका नंतर म्हणाल्या की तसं त्यांनी कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. मिस्सेनंतर लोक घरी आले. वहिनीने घरची वाइन काढली. जो तो दादाच्या डाव्या खांद्यावर थोपटून अभिनंदन करत होता, आणि त्या थोपटण्यात केव्हातरी, सगळे ओटीवर बसलेले असताना, औषध उतरलं. दादा डाव्या हातात ग्लास धरून हसत राहिला. लोक गेल्यावर त्याने ग्लास उजव्या हाताने खाली ठेवला.

नंतरच्या आठवड्यात तो तुळिंजला आला नाही. मी नंदाखालला गेलो तेव्हा त्याने व्हायोलिन कपाटावर टाकलं होतं. म्हणाला, देवाचं नाव घेऊन गावाला फसवल्यासारखं झालं, आता रविवारी कुठल्या तोंडाने बसू. मानेच्या ऑपरेशनची तारीख त्याने घेतली होती. "तुझ्या डॉक्टरला सांग जा," एवढंच बोलला.

मी परतलो तेव्हा डॉक्टर जिन्यात भेटले. मी सांगितलं, तसे ते पायरीवरच थांबले.

"परत आलं? केव्हा?"

"त्याच संध्याकाळी. पाहुणे असताना."

"एकदम की हळूहळू?"

मी म्हणालो, विचारलं नाही. विचारायला हवं होतं, असं म्हणत ते खाली गेले, पिशवी घेतली आणि मला चला म्हणाले. बसमध्ये ते आनंदात होते. मला तो आनंद सहन होत नव्हता.

दादा ओटीवर केळीच्या पानांचे गठ्ठे बांधत होता, एका हाताने आणि एका पायाने. डॉक्टर समोर बसले आणि लगेच सुरू झाले. दुखणं परत आलं ही फार चांगली गोष्ट आहे. मानेत दोष असता तर खांद्याच्या हाडापाशी सोडलेल्या एवढ्याशा औषधाने ते असं सगळं गेलं नसतं. ते गेलं, औषध उतरलं तसं आलं, म्हणजे नस इथे, या खाचेत अडकली आहे. त्यांनी हाड काढलं. कावडीचा बांबू नेमका कुठे बसायचा, तेही दाखवायला लागले.

दादाने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "डॉक्टर, उत्तर तुम्हाला मिळालं. मला काय मिळालं?"

डॉक्टरांचं बोट खाचेवरच राहिलं.

"तुम्ही बरं केलं असं म्हणाला नाय, ते खरं. पन वाजवायला लावलंत. माणसाच्या हातात असं देऊन परत काढून घेतात काय?"

वहिनी चहा घेऊन आली होती, ती दारातच थबकली. डॉक्टरांनी हाड पिशवीत ठेवलं. हातातला गठ्ठा दादाकडून घेतला, त्याची गाठ मारली, दुसरा घेतला. बराच वेळ दोघे गठ्ठे बांधत बसले. शेवटी डॉक्टर म्हणाले, "मी तुम्हाला एकट्याला घरी सोडायला नको होतं. ते परत येईपर्यंत तुमच्याबरोबर बसायला हवं होतं. चूक झाली." आणि मग, "पुन्हा एकदा या. या वेळी बसू."

दादाने तारीख पुढे ढकलली. रद्द केली नाही, ढकलली. पुढच्या शनिवारी तो आला, सुई घेतली, वाजवायला मात्र नकार दिला, आणि बाकावर बसला. डॉक्टर बाकीचे पेशंट टाकून त्याच्या शेजारी बसले. दोघे केळीच्या जातींबद्दल बोलत होते, निर्मळच्या आणि आमच्याकडच्या राजेळीत काय फरक पडतो यावर. उन्हं कलली तेव्हा दादा बोलता बोलता थांबला. "आलं," तो म्हणाला. "इथून आलं." त्याने बोट ठेवलं ते बरोबर निळ्या फुलीवर. त्या दिवसापासून दवाखान्यात कुणालाही दुखणं परत येईपर्यंत घरी सोडायचं नाही, हा नियम झाला आणि एका बाकाची दोन झाली. लोकांना तो विक्षिप्तपणा वाटायचा. मला तो दादाच्या ओटीवर ठरलेला वाटतो.

त्यानंतर डॉक्टरांनी त्याला अधूनमधून सुया दिल्या. दर वेळी आराम थोडा जास्त वेळ टिके, पण खळगा भरेना आणि औषध उतरलं की कोपर वळेना. एक दिवस त्यांनी स्वतःच सांगितलं, की माझ्या औषधाने फाटक तात्पुरतं उघडतं, खाचेवरची पट्टी कापल्याशिवाय नस मोकळी होणार नाही. मानेला हात लावायचा नाही. खांद्यावर लहान छेद. त्यांचे एक सर्जन मित्र ते करायला तयार होते, वसईच्या एका लहान नर्सिंग होममध्ये. दादाने एकच अट घातली. झोपायचं नाही. झोपेत कुणी काय नेलं ते कळत नाही, असं तो म्हणाला.

पूर्ण भूल सोडून दिलेल्या माणसाला ही अट किती आवडली असेल. मानेच्या कडेला सुई देऊन त्यांनी दादाचा फक्त हात झोपवला. मी बाहेर होतो, पण दार अर्धवट लागलं होतं आणि आतलं बोलणं ऐकू येत होतं. सर्जन काही विचारत ते मोजकं. बाकी सगळा आवाज डॉक्टरांचा, मधूनमधून दादाचा. जाईच्या कळ्या पहाटे किती वाजता खुडता, गोणपाट ओलं करता की कोरडं. एकदा दादा चक्क हसला. मग सर्जन म्हणाले, "ही बघा, केवढी चपटी झालीय," आणि आत एकदम शांत झालं. मला कळलं की डॉक्टर वाकून बघत असणार.

दुपारभर दादाचा हात उशीवर पडून होता, दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा. डॉक्टर कॉटजवळ स्टूल ओढून बसले. त्यांना घरी जायला सांगून मी दमलो. दादा छताकडे बघत होता. मला ठाऊक होतं तो काय करतोय. आत्ता दुखत नाही याला त्याच्या लेखी काही किंमत नव्हती. याआधीही दुखत नव्हतं, आणि मग घरात माणसं असताना ते आलं होतं.

संध्याकाळी जवळच्या चर्चची घंटा झाली तेव्हा त्याची बोटं हलू लागली. थोड्या वेळाने त्याने ओठ आवळले. "दुखतंय," तो म्हणाला. वहिनीने माझ्याकडे बघितलं आणि पदर तोंडावर घेतला.

डॉक्टर पुढे झुकले. "कुठं?"

दादाने उजवा हात आडवा आणून बँडेजवर एक बोट टेकवलं. "हितं. वर. कापलंय तिथं."

"आणि आत?"

दादाने डोळे मिटले. डाव्या हाताची बोटं चादरीवर एकामागून एक दाबून बघितली, मग कोपर थोडं, अगदी थोडं, आत वळवलं. डॉक्टरांनी या वेळी कोपराकडे बघितलं नाही, त्याच्या तोंडाकडे बघत राहिले.

"आत," दादा म्हणाला, "कोण नाय."

"नीट बघा."

त्याने पुन्हा बघितलं.

"कोण नाय, डॉक्टर."

डॉक्टरांनी मान डोलवली. आम्हाला वाटलं आता ते उठतील. त्यांनी स्टूल कॉटच्या आणखी जवळ घेतलं आणि दादाला म्हणाले, "बसतो मी अजून. तुम्ही झोपा."

दादा झोपला.